फाटका कान

फेरलाखमध्ये फेब्रुवारीत उजेड अकराला येतो
आणि तीनच्या सुमाराला दुकान गुंडाळतो.
मधले चार तास माझे.
उत्तरेची खिडकी, डांबराच्या गोळ्यात रुतवलेलं पोलाद,
तळव्यात अळंबीएवढी लाकडी मूठ
आणि तिच्या टोकाला
गव्हाच्या दाण्याहून बारीक धार.
मान वाकलेली. ती आता तशीच असते, जेवतानाही.

आज पोगाचनिग आले. डोंगरावर बर्फात घसरायला जाणाऱ्यांना
दोरखंडावरून वर चढवण्याचा त्यांचा धंदा.
घोंगडीत बांधून आणलेली रायफल, लिलावातली,
एकनळी, मधून मोडून उघडणारी,
दस्ता अक्रोडाचा, मधाच्या रंगाचा,
आणि बगलेच्या पट्टीवर
ओकच्या पानांत उभा एक गॅम्स,
कड्यावरचा बकरा,
मागे वळून बघणारा.

"खालची अक्षरं काढायची. माझी घालायची.
दोनच आहेत. किती वेळ?"

मी आधी अंगठा फिरवला.
डोळ्याला उशिरा कळतं.
अक्षरांच्या जागी खोलगट होतं,
देवळाच्या पायरीचा दगड झिजतो तसं.
मग भिंग लावलं. अक्षरांखाली एका मुकुटाची सावली,
मुकुटाच्या खाली
आणखी कुणाच्या तरी आद्याक्षराचं शेपूट.
कुणी सरदार असेल, हप्त्याहप्त्याने पैसे चुकवणारा.
कुणी लाकडाचा व्यापारी.
पंचेचाळीस साली गावोगावच्या बंदुका जमा झाल्या,
त्या ढिगातून निघताना
हिच्यावर कुणाचा हात पडला, कोण जाणे.
प्रत्येकाने आधीच्याला घासून काढलं.

बकऱ्याला मात्र कुणी हात लावला नव्हता.

त्याचा डावा कान फाटका.
तेवढ्यावरून ओळखलं: फ्लोरियान कुखर,
माझ्या उस्तादाचा उस्ताद.
मागच्या खोलीत त्याचं पोर खोकलं
आणि हत्यार निसटलं, केसभर,
कानाच्या आरपार.
म्हणे तो तासभर नुसता बसून राहिला.
सूप गार झालं. बायको दारात येऊन परत गेली.
मग त्याने तीच चीर हाताने आणखी फाडली,
खांद्यावर दोन जुने वण दिले,
नाकपुडी जराशी फुगवली.
तेव्हापासून ज्याच्या ज्याच्या हाती गेली
तो तो पाहुण्यांना दाखवत आला:
"बघा, म्हातारा नर. किती झुंजी खेळलाय!"

मी कधी शिकार केली नाही.
जिवंत गॅम्स एकदाच पाहिला, लोइब्लच्या घाटात,
टपालाच्या बसमधून.
दोन्ही कान शाबूत.
काहीतरी करायचं राहून गेल्यासारखा दिसला.

पोगाचनिगना सांगितलं:
"इथलं पोलाद आता पत्त्याच्या पानाएवढं उरलंय.
तुमचं नाव बसेल.
तुमच्यानंतर कुणी काढायला गेला
तर भोक पडेल."

ते बराच वेळ खिडकीतून बघत राहिले.
बाहेर काही नव्हतं. कारावांकेनवर ढग, आणि दूधवाल्याची गाडी.
"मुलगा ग्राझला असतो," म्हणाले,
"मांस खात नाही."
मग टोपी हातात फिरवत:
"उथळ कोराल का?"

एकेचाळीस वर्षं झाली या खुर्चीत.
खोल कोरा, ठळक कोरा, नातवंडांना दिसलं पाहिजे,
हेच ऐकत आले.
उथळ कुणी मागितलं नव्हतं.

मी जुनी अक्षरं हलकेच उतरवली.
नवी घातली, थंडीत काचेवर बोटाने काढतो तशी,
तिरपा उजेड पडला तरच दिसतील
आणि कुणाला नको असतील तर
चामड्याच्या चिंधीने जातील.
हात कापेल असं वाटत होतं. नाही कापला.

तीनला उजेड गेला.
टेबलावरचा चुरा ब्रशने डबीत लोटला,
त्यात कुणाचा मुकुट किती, सांगता येणार नाही.

निघताना ते दारात थांबले, घोंगडी बाजूला करून
बकऱ्याकडे वाकून बघितलं,
"हा कान..." म्हणाले,
आणि पुढचं मनातच ठेवलं.

बिल मी खोल अक्षरांचंच लावलं.